लॉनमोवरचं इंजिन: घरी उघडता येणाऱ्या यंत्राची गोष्ट

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे जसं आलं, ते जवळपास तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "आमच्या अंगणात तुळस आहे, लॉन कुठाय? मग लॉनमोवरचं काय घेऊन बसलात?" बरोबर आहे. आपल्याकडे लॉनमोवर दिसतो तो बागेत, क्रिकेटच्या मैदानावर नाहीतर मोठ्या सोसायटीत. पण कोकणात आंब्या-काजूच्या बागेत पावसाळ्यानंतर गवत काढायला जो ग्रास कटर खांद्याला लावतात, त्याचं इंजिन याच खानदानातलं. लहान, एका सिलिंडरचं, दोरी ओढून चालू होणारं.

हे इंजिन आज काढायचं एक कारण आहे. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांत कित्येक दशकं असं होतं, की साध्या माणसाला आयुष्यात एखादं इंजिन स्वतःच्या हाताने पूर्ण खोलायची संधी मिळायची, तर ते लॉनमोवरचं. मोटारीचं इंजिन उचलायला चेनकप्पी लागते. हे इंजिन मात्र एकटा माणूस उचलून टेबलावर ठेवतो. चार पाने, एक पकड, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक रविवार. बास.

तर आज आपण असं करूया. एक जुनं इंजिन मनातल्या मनात टेबलावर घेऊ आणि एकेक भाग खोलत जाऊ. प्रत्येक भागामागे एक गोष्ट आहे.

आधी प्लगची वायर, मग पातं

पहिला नियम: स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करायची. का? कारण पातं हाताने फिरवलं की इंजिनही फिरतं, आणि आत थोडं पेट्रोल उरलेलं असेल तर एखादा स्पार्क पुरतो. बोटं गेली की परत येत नाहीत. वायर काढली, पेट्रोल आणि ऑइल काढून घेतलं, की मगच खालचं पातं सोडवायचं.

या पात्याची गोष्ट इंजिनाच्याही आधीची आहे. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरमध्ये स्ट्राउड नावाचं गाव आहे. हा भाग लोकरीच्या कापडाच्या गिरण्यांचा. कापड विणून झालं की त्यावर बारीक तंतू उभे राहतात. ते कातरून कापड गुळगुळीत करायला गिरणीत एक यंत्र असायचं, फिरत्या रुळावर बसवलेली पाती. एडविन बडिंग नावाच्या यंत्रकाराने ते पाहिलं आणि विचार केला, जे कापडावर चालतं ते गवतावर का चालू नये? १८३० मध्ये त्याने पेटंट घेतलं. यंत्र होतं १९ इंच रुंद, लोखंडी आणि जड. एकाने मागून ढकलायचं, आणि गरज पडली तर दुसऱ्याने पुढून ओढायचं.

त्याआधी लॉन म्हणजे श्रीमंतांचं काम. लांब दांड्याचे विळे घेऊन माणसांची रांग लागायची, नाहीतर मेंढ्या सोडायच्या. बडिंगने पेटंटात लिहिलं, की गावाकडच्या जमीनदार गृहस्थांना हे यंत्र स्वतः चालवून मजेचा आणि तब्येतीला चांगला असा व्यायाम होईल! म्हणजे गवत कापणं हा "छंद" असू शकतो ही कल्पना पहिल्या दिवसापासून यंत्राबरोबरच आली.

आणि गंमत बघा. ज्याचं तोंड कमी-जास्त करता येतं अशा पान्याच्या सुरुवातीच्या रचनांमध्येही याच बडिंगचं नाव घेतलं जातं. यंत्र देणारा आणि ते खोलायचं हत्यार देणारा माणूस एकच.

पण बडिंगचं यंत्र कात्रीसारखं कापायचं. एक पातं स्थिर, बाकीची फिरती. त्यासाठी वेग लागत नाही, धार लागते. आपल्या टेबलावरच्या मोवरला मात्र एकच आडवं पातं आहे, पंख्यासारखं. हे कोयत्यासारखं हाणतं. कोयता हळू फिरवला तर गवत नुसतं वाकतं. म्हणून या पात्याला मिनिटाला तीनेक हजार फेरे लागतात, आणि ते माणसाच्या हाताने शक्य नाही. त्याला इंजिनच हवं, आणि तेही हलकं.

कव्हरवरचा नंबर

इंग्लंडमध्ये वाफेचा मोवर १८९३ मध्ये आला. १९०२ मध्ये इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोल इंजिनाचा मोवर बाजारात आणला. पण ही सगळी अवाढव्य धुडं, मोठ्या मैदानांसाठी. घरगुती इंजिनाची गोष्ट सुरू होते अमेरिकेत, मिलवॉकी शहरात. स्टीफन ब्रिग्ज हा इंजिनिअर आणि हॅरोल्ड स्ट्रॅटन हा धान्याचा व्यापारी, या दोघांनी १९०८ मध्ये एकत्र काम सुरू केलं. आधी मोटारींचे सुटे भाग केले. मग १९१९ मध्ये दुसऱ्या कंपनीकडून "मोटर व्हील" विकत घेतलं. सायकलला जोडायचं एक चाक, ज्यात इंजिन बसवलेलं. त्याच चाकावर त्यांनी फळ्यांची एक उघडी गाडीही काढली. जगातल्या सगळ्यात स्वस्त गाड्यांमध्ये तिचं नाव घेतात. गाडी फार चालली नाही, पण लहान इंजिन करायचं कसं, ते कंपनीला कळलं.

मग ते विकायचं कुणाला? तर कपडे धुणाऱ्या बायकांना. १९३५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दर दहा शेतघरांपैकी जवळपास नऊ घरांत वीज नव्हती. तिथे वॉशिंग मशीन चालायचं ते पेट्रोल इंजिनावर. म्हणजे लॉनमध्ये येण्याआधी हे इंजिन मोरीत येऊन गेलं होतं.

आता टेबलाकडे परत या. इंजिनच्या वरच्या पत्र्यावर ठोकलेले आकडे दिसतात का? ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं जुनं इंजिन असेल तर पहिला आकडा वाचा. ९ असेल तर सिलिंडर ९ घन इंचांचा, म्हणजे साधारण १५० सीसी. आणखी एक आकडा आहे कोडचा. त्यात ८४०५१२ असं लिहिलं असेल तर इंजिन १२ मे १९८४ ला तयार झालंय. त्या नंबरावरून पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनाचीही नेमकी रिंग मागवता येते. यंत्रावर त्याची जन्मतारीख कंपनीने स्वतः लिहून ठेवली. हे दुरुस्त होणार आहे, असं धरूनच ते केलेलं होतं.

पीचचा डबा

आता जरा ऑस्ट्रेलियात जाऊ. १९५२, सिडनीचं कॉन्कर्ड उपनगर. मर्व्हिन व्हिक्टर रिचर्डसन नावाचा माणूस. मुलगा कॉलेजच्या खर्चासाठी लोकांची लॉनं कापून द्यायचा, आणि हातातला मोवर जड. रिचर्डसनने काही वर्षांपूर्वी एका माणसाचा फिरत्या पात्याचा मोवर पाहिला होता. तोही जडच. मग त्याने घरामागे बसून भंगारातून स्वतःचा जुळवला. व्हिलियर्स कंपनीचं टू-स्ट्रोक इंजिन घेतलं आणि आडवं पाडलं. चाकं पोरांच्या ढकलगाडीची. आणि पेट्रोलची टाकी? पीच नावाच्या फळाचा रिकामा पत्र्याचा डबा.

इंजिन आडवं पाडण्यात खरी अक्कल होती. इंजिन आडवं पडलं की आतली क्रँक उभी होते, तिचं टोक थेट जमिनीकडे. त्या टोकाला पातं बोल्टने आवळलं की संपलं. गिअर नको, चेन नको, पट्टा नको. आणि टू-स्ट्रोकच का? कारण त्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. खाली ऑइल साठवायची टाकी नसते, त्यामुळे इंजिन कसंही ठेवलं तरी चालतं. ज्यांच्या घरी बजाज चेतक किंवा लूना होती, त्यांना पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल घ्यायची आठवण असेल. तीच जात.

आपल्या मधल्या नावावरून रिचर्डसनने मोवरला "व्हिक्टा" म्हटलं. शेजारीपाजारी मागायला लागले. १९५३ च्या सुरुवातीला त्याने नोकरी सोडली. १९५८ पर्यंत कारखान्यात तीन हजार माणसं होती आणि वर्षाला १,४३,००० मोवर बाहेर पडत होते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनात मैदानावर माणसं लॉनमोवर ढकलत नाचली, ती याच व्हिक्टाची आठवण.

अशीच दुसरी गोष्ट जपानची. १९४६ मध्ये हामामात्सूत सोइचिरो होंडा यांना युद्धातून उरलेली, वायरलेसच्या जनरेटरची छोटी इंजिनं मिळाली. ती त्यांनी सायकलला लावली. पहिल्या नमुन्याला पेट्रोलची टाकी म्हणून लावली होती अंथरुणात शेकायची गरम पाण्याची पत्र्याची बाटली! पुढे हीच होंडा लहान इंजिनांत जगात मोठी झाली. एका ठिकाणी पीचचा डबा, दुसऱ्या ठिकाणी शेकायची बाटली. ज्याची सुरुवात अशा जुगाडातून झाली, ते यंत्र दुसऱ्या कुणाला जुगाड करायला घाबरवत नाही.

हेड उघडा

आता मुख्य काम. हेडचे बोल्ट काढले की ते झाकणासारखं निघतं. आत काळा थर असतो, कार्बन. तो लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचा. लोखंडी पातं वापरलं तर अ‍ॅल्युमिनिअमवर ओरखडे पडतात आणि मग पॅकिंग नीट बसत नाही.

अ‍ॅल्युमिनिअम म्हटलं म्हणून सांगतो. १९५३ मध्ये ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनने अ‍ॅल्युमिनिअमचं हलकं इंजिन आणलं. त्याआधी सगळं ओतीव लोखंड. वेळ कशी साधली बघा. युद्ध संपलेलं, सैनिक घरी आलेले, शहराबाहेर एकसारख्या घरांच्या वसाहती उभ्या राहिलेल्या. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ पासून चार-पाच वर्षांत १७,००० च्या वर घरं झाली, प्रत्येकापुढे लॉन. आणि घर घेताना अट होती, की लॉन दर आठवड्याला कापायचं. अशी लाखो घरं, आणि प्रत्येकाला हवं हलकं, स्वस्त इंजिन.

पण धातू बदलला की दुरुस्तीही बदलते. जुन्या लोखंडी सिलिंडरमध्ये नवीन रिंगा टाकायच्या, तर आधी आतून होनिंग करून तिरक्या रेघा पाडतात, म्हणजे रिंग धरते. या अ‍ॅल्युमिनिअम इंजिनात मात्र सिलिंडर नुसत्या अ‍ॅल्युमिनिअमचा आणि क्रोम चढवला पिस्टनवर. तिथे होनिंग करायचं नाही, रिंगा तशाच घालायच्या. गॅरेजमध्ये "नेहमी करतो तसं" केलं की चांगला सिलिंडर वाया जातो. म्हणून समोर कुठलं इंजिन आहे ते आधी ओळखायचं आणि मगच हत्यार उचलायचं.

रिंग बदलायची की नाही ते कसं कळतं? रिंग सुटी काढून सिलिंडरमध्ये सरळ बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने मोजायची. फट जास्त असेल तर रिंग झिजली. तिथूनच दाब निसटतो, तिथूनच ऑइल वर येऊन जळतं, आणि मग निळसर धूर.

पिस्टनच्या शेजारी ब्लॉकमध्येच दोन व्हॉल्व्ह आहेत. जुन्या इंजिनात ते असे बाजूला असायचे, हेडमध्ये नाही. व्हॉल्व्हच्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि दोन्ही तळहातांमध्ये काठी धरून, ताक घुसळावं तसं पुढे-मागे फिरवायचं. कडेला सगळीकडे सारखी करडी रेघ उमटली की व्हॉल्व्ह बसला. आणि इथे सेटिंगचा स्क्रूच नाही! फट कमी पडली तर व्हॉल्व्हच्या दांड्याचं टोक जरासं घासायचं, परत मोजायचं, परत घासायचं. जास्त घासलं तर परत वाढवता येत नाही. धीर धरायला शिकवणारं काम आहे हे.

म्हणूनच अमेरिकेतल्या कितीतरी शाळांच्या वर्कशॉपमध्ये हे इंजिन पोरांपुढे ठेवलं जायचं. पूर्ण खोला, मोजा, जोडा, चालू करून दाखवा. फोर-स्ट्रोक चक्र पुस्तकात चार चित्रांत असतं. इथे ते बोटाला लागतं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून फ्लायव्हील फिरवलं की हवा अंगठ्याला ढकलते. कॉम्प्रेशन म्हणजे काय ते त्यानंतर विसरत नाही.

एक चावी आणि तीन सेकंद

वर फ्लायव्हील आहे. त्याच्या आणि क्रँकच्या मध्ये मऊ धातूची एक छोटीशी चावी असते. पातं दगडावर आपटलं की ही चावी कापली जाते किंवा वाकते. फ्लायव्हील किंचित सरकतं आणि स्पार्क चुकीच्या वेळी पडतो. बाहेरून सगळं ठीक, प्लग नवा, पेट्रोल ताजं, तरी इंजिन चालू होत नाही. लोक मोवर भंगारात टाकतात, आणि बिघाड असतो फक्त या चावीचा. म्हणून दगड लागल्यावर मोवर बंद पडला असेल तर पहिली ही चावी बघायची. जोडताना कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये व्हिजिटिंग कार्ड घालून फट ठेवायची. लोक वर्षानुवर्षं असंच करत आलेत.

फ्लायव्हीलशेजारी एक ब्रेकही दिसेल. तो असेल तर इंजिन बहुधा १९८२ नंतरचं. कारण त्या वर्षी अमेरिकेत नियम आला, की दांडा सोडला की पातं तीन सेकंदांत थांबलं पाहिजे. त्याआधी किती लोकांची बोटं आणि पायाचे अंगठे गेले असतील, विचार करा. "जुनं ते सोनं" म्हणताना हेही लक्षात ठेवायचं. जुन्या मोवरचा हा ब्रेक "मध्ये येतो" म्हणून काढून टाकणारे महाभाग असतात. तसं अजिबात करू नका.

धूर

आता अवघड भाग. हे इंजिन प्रेमाने जोडायला छान आहे, पण श्वास घ्यायला छान नाही. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलचा बराच भाग न जळता सरळ बाहेर जातो. फोर-स्ट्रोक बरं, पण त्यालाही मोटारीसारखी धूर साफ करायची यंत्रणा नव्हती. अमेरिकेत लहान इंजिनांच्या धुरावर पहिले राष्ट्रीय नियम लागू झाले १९९७ मध्ये. त्यानंतर बाजूच्या व्हॉल्व्हची ती सोपी रचना हळूहळू मागे पडली आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये गेले.

कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा हिशेब तर डोळे उघडणारा आहे. व्यावसायिक मोवर एक तास चालवला, की धुरकं निर्माण करणारा जेवढा धूर होतो, तेवढा २०१७ ची टोयोटा कॅमरी सुमारे ४८० किलोमीटर चालवल्यावर होतो. त्या राज्याने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२४ पासून अशा नवीन पेट्रोल मोवरची विक्री जवळपास थांबवायचं ठरवलं. होंडाने २०२३ मध्ये अमेरिकेसाठी पेट्रोल लॉनमोवर बनवणं बंद केलं. २००८ मध्ये व्हिक्टा विकत घेणारी ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि विकली गेली. शंभर वर्षांचा एक काळ असा आपल्या डोळ्यांदेखत संपतोय.

आणि संपावा, असं मला वाटतं. हवा सगळ्यांची आहे.

मग काय हरवतंय?

बॅटरीचा मोवर शांत आहे, धूर नाही, दोरी ओढायची कटकट नाही. पण तो बिघडला की काय? बऱ्याच मशीनमध्ये बॅटरीचा पॅक सीलबंद, कंट्रोलर एका ठोकळ्यात, आणि आतला भाग सुटा मिळेलच असं नाही. पूर्वी मऊ धातूची एक चावी बदलून यंत्र चालू व्हायचं. आता अख्खा ठोकळा बदला, नाहीतर नवीन घ्या.

इथे एक गोंधळ टाळूया. वीज आली म्हणून यंत्र बंद डबा झालं, असं नाही. विजेच्या मोटारीत तर इंजिनापेक्षा कमी भाग असतात! ती उघडायला खरं म्हणजे जास्त सोपी असायला हवी. जुन्या इंजिनावर नंबर ठोकला जायचा, पुस्तिका मिळायची, पन्नास वर्षांनी रिंग मिळायची, ती कुणीतरी तसं ठरवलं म्हणून. आज ते होत नाही, तेही कुणीतरी ठरवलंय म्हणूनच.

हा वाद आता कायद्यापर्यंत गेलाय. न्यूयॉर्क राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये "राइट टू रिपेअर" पोर्टल सुरू केलं. त्यात मोबाइल आहेत, गाड्या आहेत, घरगुती उपकरणं आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. म्हणजे तुमच्या हातातला फोन आणि बागेतला ग्रास कटर, दोन्ही एकाच यादीत.

जाता जाता कामाची गोष्ट. घरी ग्रास कटर किंवा पॉवर वीडर असेल, तर हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि कार्ब्युरेटरमधला पातळ रबरी पडदा व नळ्या खराब होतात. टाकी रिकामी करा आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून खांदा दुखणार नाही.

आणि भंगारात निघालेलं एखादं लहान इंजिन कुठे दिसलं, तर ते खोलून बघा. खोलताना प्रत्येक पायरीचा फोनवर फोटो काढा, बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा. चालू झालं तर उत्तमच. नाही झालं तरी पुढच्या वेळी दुकानात कुणी "हे उघडत नाही, नवीन घ्या" म्हणालं, की तुम्ही विचाराल, "का उघडत नाही?" एवढा एक प्रश्न विचारता आला, तरी तो रविवार वसूल.

भाग आवडला तर ज्याच्या घरी बंद पडलेलं मशीन आहे अशा एका मित्राला पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत, प्लगची वायर काढल्याशिवाय पात्याला हात लावायचा नाही!